हिंगणटेकचं एक मत

हिंगणटेकच्या खंडोबापुढे गावानं बेलभंडारा उचलला, तेव्हा जिच्यासाठी उचलला ती सारिका सस्ते तिथे नव्हती. न्यायाधीशानं स्वतःचा प्रचार करायचा नाही असा नियम होता, आणि सारिका नियम पाळणारी बाई. ती घरी बसून कोर्टाची कागदपत्रं वाचत होती. प्रचाराला भाऊ होता, आणि भावानं प्रचार करू नये असा नियम कुणी केलेला नव्हता.

हा भाऊ म्हणजे बापू. सरपंच कुणीही असो, गावाचा कारभार बापूच्या ओट्यावरून चाले. नवरा गेल्यावर सारिका माहेरी आली आणि त्याच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहू लागली. रोज सकाळी ती गाडीनं जिल्ह्याच्या कोर्टात जाई. ‘आमच्या गावची लेक जज हाय’ हे बापू पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी सांगे.

“एक बी मत फुटलं न्हाय पायजे,” बापू देवळात म्हणाला. “गावचं मत एकमुखी पडलं तरच जिल्ह्यात गावाची पत राहील. ज्येला जमनार न्हाय त्येनं आत्ताच घरी जावं.”

कुणी घरी गेलं नाही. एकेकानं पुढे होऊन बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेतला आणि देवाला शब्द दिला. हा शब्द मोडला तर वंश बुडतो असं मानणारी माणसं त्या गावात अजून होती. न मानणारी होती, पण तीही उगाच परीक्षा बघायच्या भानगडीत पडत नव्हती.

अंकुशतात्या वीरकर पुढे झाले तेव्हा मात्र मागची माणसं टाचा उंचावून बघायला लागली. तात्यांचा मुलगा समर्थ तुरुंगात होता, आणि त्याला सात वर्षांसाठी तिथे पाठवणारी सारिकाच होती. त्या निकालाला जेमतेम पाच महिने झाले होते. तात्यांनी पान उचललं, कपाळाला लावलं आणि म्हणाले, “कायद्यानं झालं ते झालं. लेक गावची हाय. माझं मत तिलाच.”

बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बापूनं त्यांना मिठी मारली. मिठ्या मारण्यात बापूचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

आता न्यायाधीशाची निवडणूक ही काय भानगड, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी लोकांची अशी खात्री पटली, की आपल्याला न विचारता माणसं खुर्चीत बसतात म्हणूनच सगळं बिघडतं. मग घटना बदलली आणि सगळ्यांनाच निवडून द्यायचं ठरलं. खर्च नको म्हणून अख्ख्या राज्यात एकाच दिवशी. दिल्लीला जाणारा खासदार, थेट मुख्यमंत्री, पाण्याचा मंत्री वेगळा, गृहाचा वेगळा, पैशाचा वेगळा, मग आमदार, सरकारी वकील आणि सगळ्यात शेवटी वरच्या नि खालच्या कोर्टांतले न्यायाधीश. न्यायाधीशाला चिन्ह नसे, पक्ष नसे. मुदत संपली की त्याच्या नावापुढे लोकांना दोनच शब्द दिलेले असत : ‘ठेवा’ किंवा ‘नको’.

लोकशाही भरभरून मिळाली, पण ती वाचणार कोण? मतपत्रिकेवरची पदं चाळीसच्या वर गेली. पहिल्या खेपेला लोकांनी वरची तीन-चार बटणं दाबली आणि घरचा रस्ता धरला. न्यायाधीशांपर्यंत कुणी पोचलंच नाही. काही जिल्ह्यांत अख्खं कोर्ट हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांवर घरी गेलं.

त्यावर औषध म्हणून मतछाया आली. मनगटात घालायचं पातळ कडं, एवढंच तिचं रूप. माणूस तोंडानं काय बोलतो यावर छाया फारसा भरवसा ठेवत नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे. बातमी ऐकताना नाडी किती चढली, एखादं नाव घेण्याआधी श्वास किती अडखळला, आवाज कुठे सपाट झाला, तळहाताला घाम कधी आला, हे सगळं ती वर्षभर टिपत राहते. त्या टिपणांतून त्या माणसाचा एक गणिती नमुना तयार होतो. अमुक प्रश्न विचारला तर हा माणूस मनातून काय म्हणेल, एवढाच अंदाज तो नमुना करतो. शास्त्रज्ञांनी हे खूप ताडून पाहिलं. माणसाला निवांत बसवा, सगळी माहिती द्या, भीड आणि भीती काढून घ्या आणि मग विचारा. तो ज्या मतावर येऊन ठेपेल तिथे त्याची छाया बहुधा आधीच येऊन बसलेली असे.

मतदानाच्या दिवशी छायेनं भरलेली मतपत्रिका पडद्यावर येई. वाचा, बदलायचं ते बदला, आणि अंगठा टेकवा. बदलायची मुभा सगळ्यांना होती, आणि वाचायचा कंटाळाही सगळ्यांनाच होता.

छायेचा आणखी एक उपयोग निघाला. नावं पुसून जिल्ह्यातल्या हजारो छाया एकत्र केल्या, की उद्याच्या गोष्टीबद्दल त्यांना आजच विचारता येई. असं असं झालं तर तुम्ही काय म्हणाल? याला छायाकौल म्हणत. राजकारणी तो बघितल्याशिवाय शिंकतसुद्धा नसत. कायद्याप्रमाणे न्यायाधीशानं मात्र तो बघायचा नव्हता, म्हणून समर्थच्या खटल्याच्या वेळी सारिकानं तो बघितला नाही. बापूनं तो वाचून दाखवला.

खटला दुधाच्या टँकरचा होता. टँकरला चालक नव्हता. लांब शहरातल्या एका खोलीत बसून समर्थसारखी पोरं पडद्यावर एकेक डझन टँकर सांभाळत. घाटाच्या उतारावर समर्थचा एक टँकर थांबला नाही आणि शाळेच्या गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या तीन मुलांना घेऊन ओढ्यात गेला.

पुरावा सरळ होता. समर्थनं ब्रेकचा आदेश वेळेवर दिला होता. टँकरमधला एक जोड ढिला झाला होता, त्यामुळे आदेश चाकांपर्यंत पोचलाच नाही. जोड बदलायला हवा हे दुरुस्तीवाल्यानं आधी कळवलं होतं, आणि मालकांनी ते पुढच्या हंगामावर ढकललं होतं. तज्ज्ञानं हे सगळं साक्षीत सांगितलं. पण ते तांत्रिक होतं आणि कंटाळवाणं होतं. त्या वेळी अख्खा जिल्हा त्या तीन मुलांच्या आयांचे चेहरे बघत होता. कुणीतरी आत गेलंच पाहिजे, असं घरोघर म्हटलं जात होतं. कंपनीला बेड्या घालता येत नाहीत. समर्थला येत होत्या.

सारिकानं निर्दोष सोडण्याचा निकाल निम्मा लिहून ठेवला होता. त्या रविवारी बापू चहा घेऊन तिच्या खोलीत आला.

“पोराला सोडलंस तर शंभरातली सत्तर मानसं तुला नको म्हनत्यात,” तो म्हणाला. “आत घातलंस तर नव्वद ठेवा म्हनत्यात.”

“बापू, कोर्टाचं काही घरात आणायचं नाही, किती वेळा सांगू?”

“म्या कुठं आनतोय? म्या जिल्ह्याचं सांगतोय.” त्यानं बशीत चहा ओतला. “एक सांग. तू घरी बसलीस की तुज्या जागी कोन ईल? जो रोज कौल बघून निकाल देनार, त्योच ईल का न्हाय? मग गरिबाला कोन वाली? एका पोरापायी पुढच्या शंभर पोरांचं वाटोळं करनार तू.”

बापू अडाणी नव्हता. बहिणीला काय बोललं की पटतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. सारिका त्याच्यावर ओरडली, त्याला बाहेर काढलं, दार लावून घेतलं. आणि मग बसून त्याच्याच शब्दांवर विचार करत राहिली. शंभर पोरं. पुढची शंभर पोरं तिला अगदी डोळ्यांपुढे दिसायला लागली. स्वार्थाला परोपकाराचं धोतर नेसवलं की तो किती भारदस्त दिसतो! तिनं पुन्हा कागद काढले. समर्थची नजर त्या क्षणी दुसऱ्या पडद्यावर होती, हे टिपणांत होतं. बारा टँकर सांभाळणाऱ्याची नजर कुठल्या तरी पडद्यावर असणारच, पण तेवढं तिला पुरलं. निष्काळजीपणा. सात वर्षं.

निकाल वाचून झाल्यावर समर्थ मोठ्यानं म्हणाला, “मॅडम, मी ब्रेक दिला होता.” तो रडत नव्हता, कुणाला तरी ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा सांगावं तसं सांगत होता. सारिकानं पुढच्या खटल्याचा पुकारा करायला सांगितलं.

निकालाची जिल्हाभर वाहवा झाली. न्यायदेवता जागी आहे, असे फलक लागले. त्यांतला एक बापूनंच लावला होता.

मतदानाच्या दिवशी गाव सणासारखं नटून शाळेत आलं. सारिका आली तेव्हा रांगेनं आपणहून वाट दिली. छायाचित्रं काढणारे दारातच उभे होते. पडद्यावर तिची भरलेली मतपत्रिका आली, लांबच लांब. मागे लोक खोळंबले होते आणि पुढे कॅमेरे. तिनं न वाचता अंगठा टेकवला आणि शाई लावलेलं बोट वर करून हसली. आपल्या नावापुढे काय आहे हे बघावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. स्वतःचं मत कुणी तपासून बघतं का?

दिलेलं मत मतदान संपेपर्यंत स्वतःच्या अंगठ्यावर पुन्हा बघता येई. ते फक्त ज्याचं त्यालाच दिसे. बदलता येत नसे, आणि मतदानाची वेळ संपली की ते कायमचं मिटे. दुपारी जेवताना बापूनं सहज विचारलं, “पाण्याच्या मंत्र्याला कुनाला दिलं गं तुज्या छायेनं?” तो उठून गेल्यावर तिनं गंमत म्हणून कड्याला अंगठा लावून आपलं मत मोबाइलच्या पडद्यावर उघडलं. पाण्याचा मंत्री तिला पटण्यासारखाच होता. ती बाकीची नावं बघत खाली खाली आली. आमदार, सरकारी वकील. बरोबर भरलंय की, असं ती मनात म्हणाली. मग अगदी तळाशी आली.

न्या. सारिका सस्ते : नको.

आधी तिला हसू आलं. यंत्र बिघडलंय म्हणून तिनं अंगठा काढून पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग तिनं तो तिसऱ्यांदा लावला नाही, कारण यंत्र बिघडलेलं नाही हे तिला कळून चुकलं होतं. गेले पाच महिने समर्थचं नाव कुणी काढलं की तिचा श्वास अडत होता. देवळाकडून तात्या येताना दिसले की ती गाडीची काच वर करत होती. कौतुकाचे फलक दिसले की तिला मळमळत होतं. या सगळ्यातून ती स्वतःला समजावत सुटली होती, छायेला मात्र कुणी समजावलं नव्हतं. सारिका नावाच्या मतदाराला न्यायाधीश सारिका सस्ते नको होती. इतकं साधं होतं ते. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की समोरच्या आरशावर तिनं टॉवेल टाकला. संध्याकाळी मतदान संपलं आणि तिचं मत पडद्यावरून मिटून गेलं. आता ते सांगायला जगात तिच्याखेरीज कुणी उरलं नाही.

दोन दिवसांनी निकाल लागले. सारिका प्रचंड बहुमतानं राहिली. जिल्ह्यात इतकी मतं मुख्यमंत्र्यालाही नव्हती. बापूनं हलगीवाले आधीच बोलावले होते, गुलालाची पोती ओट्यावर होती. मग केंद्रवार आकडे आले. हिंगणटेकच्या केंद्रावर सगळी मतं ‘ठेवा’, आणि एक ‘नको’.

बापूनं हलगी थांबवली. “कोन?” एवढंच तो म्हणाला.

उत्तर द्यायची गरज नव्हती. सगळ्यांच्या माना एकाच घराकडे वळल्या. गावात सहाशेच्या वर मतदार, पण दुसरं कुणी असेल असा विचार एकालाही शिवला नाही. सारिका तिथेच ओट्यावर हारांमध्ये उभी होती. तिच्याकडे बघायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

“मत गुप्त असतं, बापू,” ती म्हणाली. “असं शोधत बसायचं नसतं.”

“मत गुप्त आसतंय. बेलभंडारा गुप्त न्हाय. समद्या गावाम्होरं उचललाय.”

चारच दिवसांत गावानं तात्यांना नवं नाव दिलं, खोटी आण. त्यांच्या बायकोला नळावर कुणी बोलेना. बहिष्कार टाकणं हा गुन्हा आहे, हे बापूला पक्कं ठाऊक होतं, घरातच जज होती. म्हणून त्यानं बहिष्काराचं नाव काढलं नाही. चंपाषष्ठीला देवाच्या पालखीपुढे दिवटी धरायचा मान वीरकरांच्या घराण्याचा होता, पणजोबापासून. खोटी शपथ घेणाऱ्याच्या हातात दिवटी नको, तेवढा मान काढून घ्यायचा, एवढंच त्यानं सुचवलं. मान काढून घेणं कुठल्याच कलमात बसत नाही. गुरुवारी सकाळी देवळात बैठक ठरली.

बुधवारी सारिका कोर्टात निघाली तर दारात तात्या उभे होते. धुतलेलं धोतर, हातात टोपी. साठीचा माणूस चार दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

“ताई, तुमच्याशी बोलायचं हुतं. यळ हाय का?”

“या ना तात्या, आत या.”

ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच बसले. “म्या मत तुमालाच दिलं. खंडोबाची आन. छायेनं भरलं, म्या अंगठा लावला. डोळ्याला दिसत न्हाय तेवढं बारीक, वाचलं न्हाय. नंतर बगता येतंय हे बी कुनी सांगितलं न्हाय. पर दुसरं काय आसनार?”

“मला माहीत आहे, तात्या.”

हे तिच्या तोंडून निसटलं. तात्यांनी ते शब्दशः घेतलं नाही, मोठ्या माणसानं धीर द्यावा तसं घेतलं.

“तुमी जज हाय. तुमी उद्या येक शबुद टाकला तर कोन न्हाय म्हनंल?” ते थांबले. “मानसांला वाटतंय माझ्या मनात पोरापायी तुमचा राग आसंल. न्हाय ताई. तुमी निकाल दिल्यापास्नं म्या त्येचं तोंड बगितलं न्हाय. आई जाती भेटाया. म्या न्हाय जात. तीन लेकरं मारली त्येनं.”

सारिका उंबऱ्यावर येऊन बसली. “तुम्ही… एकदाही गेला नाहीत?”

“गेल्तो येकदा, निकालाच्या आदी. मला म्हनला, आबा, म्या ब्रेक दिला हुता. निकाल लागल्यावर म्या निरोप धाडला, जजला कळत न्हाय आन तुला कळतंय व्हय? आपल्या गावची बाई, तुज्या आत्यावानी. ती उगंच सात वर्सं दील?”

तो माणूस तिच्याकडे विश्वासानं बघत होता. त्याच्या डोळ्यांत आरोप असता तर तिला बरं वाटलं असतं. समर्थला तिनं खोटं दोषी ठरवलं तेव्हा तिनं त्याची सात वर्षं घेतली असं तिला वाटत होतं. त्याचा बापही आपण घेतला, हे तिला आत्ता कळलं.

“उद्या मी बोलते,” ती म्हणाली. “सगळं सांगते.”

आणि ती खरंच सांगणार होती. तिच्याविषयी एवढं तरी खरं बोलायला हवं. दिवसभर ती कोर्टात तेच वाक्य मनात घोळवत होती : ते मत माझं होतं. चार शब्दांचं वाक्य. पण त्याच्यामागून लगेच प्रश्न येणार, का? आणि त्याचं उत्तर दिलं की समर्थचा खटला पुन्हा उभा राहणार. तो सुटणार. ती घरी बसणार, कदाचित तिच्यावरच खटला होणार, कौल वाचून दाखवणाऱ्या बापूवरही. होऊ दे, असं ती मनाशी म्हणाली, आणि त्या विचारानं गेल्या पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिला पोटभर जेवण गेलं.

गुरुवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. तात्या खांबाला टेकून एकटेच बसले होते, त्यांच्या आजूबाजूला माणसांनी अंतर ठेवलं होतं. त्यांची बायको मागे बायकांत उभी होती. बापूनं सगळा इतिहास सांगितला, आवाज कुठेही चढू न देता. शेवटी म्हणाला, “ज्या बहिनीवर हे बेतलं, तिचंच ऐकू. काय सारिका?”

सारिका उठली. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. तिच्या लहानपणी तिला खाऊ दिलेल्या म्हाताऱ्या, तिचं बघून मुलींना कायदा शिकवणारे बाप. तिनं तोंड उघडलं.

“ते मत…”

पायरीवर बसलेलं कुत्रंही वर बघायला लागलं. बापूची नजर तिच्यावर होती आणि त्या नजरेत काळजी नव्हती, नुसता अभिमान होता. आणि तेवढ्यात तिला मधली वाट दिसली. वकिली केलेल्या माणसाला मधली वाट नेहमीच दिसते. तात्यांना दिवटीच हवी आहे ना? मग दिवटी मिळाली की झालं. बाकीचं नंतर, नीट विचार करून, योग्य जागी, योग्य वेळी.

“ते मत कुणाचंही असो,” ती म्हणाली, “आता ते मागे टाकू या. बापाचं काळीज असतं. त्यातून एखादी गोष्ट झाली असेल तर गावानं मोठं मन करावं. माझ्या मनात तात्यांविषयी काही नाही. मी माफ केलंय. तुम्हीही करा. दिवटीचा मान त्यांच्याकडेच राहू द्या.”

बायका डोळे पुसू लागल्या. कुणीतरी टाळी वाजवली. “याला म्हनत्यात मन!” एक म्हातारा म्हणाला. “जिच्या इरोधात मत पडलं तीच पदर पसरतीया.” बापूनं हात जोडून गावाला नमस्कार केला आणि गावानं दिवटीचा मान तात्यांकडेच ठेवला, वाद संपला.

तात्या मात्र उठले नव्हते. ते सारिकाकडे टक लावून बघत होते.

“ताई,” ते हळू म्हणाले, “माफ केलं म्हंजी? म्या दिलंच न्हाय नव्हं?”

एवढ्या माणसांत तेवढा एक क्षण तिच्या हातात होता, आणि तो चांगला लांबलचक होता. तिनं खाली बघितलं.

तात्यांनी तिचं खाली बघणं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता, मग हळूहळू काहीतरी बसत गेलं. ते खांबाला धरून उठले.

“न्हाय, बराबर हाय,” ते म्हणाले. “जज मानूस. तिला कळल्याबिगर ती माफी द्याची न्हाय. वरनं म्या ठेवा ठेवा म्हनत आसंन. आत काय हाय ते मानसाला सोताला कुठं ठावं आसतंय? छायेला आतलं कळतंय. पोरासाठी आत तुटत आसंल माझं, आन म्या सोताला साव समजत फिरत हुतो.”

“आवं, काय बोलताय ह्ये!” मागून त्यांची बायको ओरडली. “तुमी न्हाय दिलं! ताई, सांगा की त्येंला!”

तात्यांनी हातानंच तिला गप्प केलं. मग देवाकडे वळून दोन्ही कान धरले. “ह्या हातात दिवटी नगं. गावानं दिली तरी म्या घेनार न्हाय. खोटी आन घेतली म्या.” ते पुन्हा सारिकाकडे वळले आणि तिच्यापुढे वाकले. वयानं मोठा माणूस, तिच्या पायांपर्यंत वाकला.

“तुमी हुता म्हून कळलं, ताई. न्हायतर म्या सोताला खरा समजूनच मेलो आसतो. माझं चुकलं नव्हं?”

सगळं गाव तिच्या उत्तराची वाट बघत होतं.

सारिकानं मान डोलावली.